हिरड्यांना चाकू लागण्याआधी

(भंडारा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी मला ‘दातांची निगा’ असा विषय दिला होता. तो मी कापून लहान केला. ‘निगा’ या नावाखाली माणूस दीड तास काहीही बोलू शकतो आणि ऐकणारा घरी काहीच घेऊन जात नाही. मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे: हिरड्यांचा आजार शस्त्रक्रिया न करता बरा होतो का? उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे कुणाला पहाटे बांधीत पाणी सोडायला जायचं असेल तर त्याला निर्धास्त उठता येईल. बहुतेकांचा होतो. चाकू लागत नाही, टाके पडत नाहीत. पण त्या इलाजात डॉक्टरचा वाटा अर्ध्याहून कमी असतो. उरलेला वाटा रुग्णाचा, आणि तो कुठल्याही दवाखान्यात विकत मिळत नाही. माझं पुढचं सगळं बोलणं एवढ्यापुरतंच आहे.

भंडाऱ्यात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं. “डॉक्टर, साफ नोका करू, दात हालतेत.” लाखांदूरकडचा धानाचा शेतकरी हे म्हणतो, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला कामगार म्हणतो, आणि प्राध्यापक मंडळी हेच प्रमाण मराठीत म्हणतात. हिरडीतून रक्त येतं, तोंडाला वास येतो, समोरचे दोन दात पसरलेत, तरी साफसफाई नको. गोळी द्या, नाहीतर दातच काढून टाका. दात जाईल या भीतीने साफसफाई टाळायची आणि शेवटी स्वतःहून दात काढून मागायचा, असा हा व्यवहार आहे.

ही भीती खुळी आहे असं म्हणून हात झटकता येत नाहीत. लोकांनी ती डोळ्यांनी पाहिलेली असते. शेजारच्या काकूंनी दात साफ करून घेतले आणि महिनाभरात त्यांच्या दातांत फटी पडल्या, हे खरंच घडलेलं असतं. ते का घडतं हे सांगायचं तर आधी हिरडीच्या आत डोकवावं लागेल.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं आणि त्या तंतूंनी तो हाडाला बांधलेला असतो. वरून हिरडी दाताच्या गळ्याशी येऊन चिकटते. तिच्या काठाशी एक ते तीन मिलिमीटरची फट निरोगी माणसालाही असते. याच फटीच्या तोंडाशी जंतूंचा चिकट थर धरतो. हे उरलेलं अन्न नव्हे, ती जिवंत वसाहत आहे. डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने १६८३मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर आपल्या भिंगाखाली धरला, त्यात हलणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. तोंडातल्या जंतूंची ती पहिली नोंद.

दात घासल्यावर काही तासांतच हा थर पुन्हा धरू लागतो. तो निघाला नाही तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतं आणि त्याचा दगड होतो. तेच किटण. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त चढतं, कारण लाळेच्या नळ्यांची तोंडं तिथेच आहेत. एकदा चढलेलं किटण ब्रशने निघत नाही, मंजनाने नाही, मीठ-तेलानेही नाही. लिंबू चोळलं तर किटणाआधी दाताचाच वरचा थर झिजतो.

किटण मुळात विष नव्हे. पण ते खडबडीत असतं, त्यावर नवा थर सहज बसतो, आणि ते हिरडीखाली उतरू लागलं की ब्रश तिथे पोचत नाही. शरीर जंतूंशी लढायला सूज आणतं. काही दिवसांची सूज उपकारक असते. वर्षानुवर्षं चालली तर मात्र जंतूंपेक्षा आपल्या स्वतःच्या सुजेनेच जास्त नुकसान होतं. तंतू विरतात, हाड झिजत मागे सरकतं, फट खोल होत जाते. चार मिलिमीटर किंवा जास्त खोल झालेल्या फटीला आम्ही खिसा म्हणतो. आणि या सगळ्यात दुखत काहीच नाही. किडलेली दाढ माणसाला रात्री बारा वाजता आमच्या दारात आणून उभी करते. हिरडी वीस वर्षं गप्प राहते.

आता शेजारच्या काकू. त्यांचं हाड आधीच बरंच गेलेलं होतं. दातांमधल्या फटी किटणाने बुजलेल्या होत्या, शेजारशेजारचे दात त्या दगडाने एकमेकांना सांधलेले होते, हिरडी सुजून वर आलेली होती. किटण काढलं, सूज उतरली, हिरडी आकसली. फटी उघड्या पडल्या, दात लांब दिसू लागले, थंड पाणी झोंबू लागलं, दगडाच्या आधाराने उभा असलेला दात हलू लागला. आपला जिल्हा तलावांचा आहे, म्हणून तलावाचंच सांगतो. कोहळी मंडळींनी बांधलेल्या मालगुजारी तलावात गाळ साचला की थोड्या पाण्यातही तो काठोकाठ भरलेला दिसतो. गाळ उपसला की तोच तलाव ओका आणि खोल दिसतो. गाळ उपसल्यामुळे तलाव बिघडला असं कोणताही शेतकरी म्हणणार नाही. दाताच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

आणि काकूंच्या गोष्टीचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. नीट साफसफाई झाली आणि पुढे जागा स्वच्छ राहिली, तर काही आठवड्यांत सूज पूर्ण उतरते आणि हलणारे बरेचसे दात आधीपेक्षा घट्ट होतात. झोंबणंही ओसरतं. गेलेलं हाड परत येत नाही, हे मात्र खरं. हिरडी आकसून मुळाला पुन्हा चिकटते आणि खिसा उथळ होतो, एवढंच घडतं. तेवढं पुरतं. बाजारात बसून तेजाब लावून दात पांढरे करून देणाऱ्याकडे गेलात तर गोष्ट वेगळी. तिथे साफसफाई होत नाही, दात विरघळवला जातो, आणि त्याचं खापर नंतर आमच्या माथी फुटतं.

‘दात खरवडणं हे इंग्रजी खूळ आहे,’ असं म्हणणारे आजोबा अजून भेटतात. त्यांना मी सुश्रुताकडे पाठवतो. सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे पंधरा रोग सांगितले आहेत. किटणाला तिथे दंतशर्करा म्हटलंय. चिकित्सास्थानात स्पष्ट बजावलंय की ही शर्करा दंतमुळांना इजा न करता काढावी, आणि नंतर लाखेचं चूर्ण मधातून घासावं. दंतशंकू नावाचं अवजार त्यासाठी शस्त्रांच्या यादीत आहे. इजा न करता काढावी, या तेवढ्या सांगण्यात आजच्या बिनशस्त्रक्रियेच्या इलाजाचं सगळं तत्त्व आलं. जाता जाता एक गंमत: त्या पंधरा रोगांत एकाचं नाव ‘वैदर्भ’ आहे. दंतमूल घासलं गेल्याने मोठी सूज येते आणि दात हलू लागतात, असं त्याचं लक्षण. हे नाव का पडलं यावर मी तर्क करणार नाही. पण कोळशाने, विटेच्या भुकटीने आणि राखुंडीने हिरड्या सोलवटून घेतलेले आमच्याकडचे रुग्ण पाहिले की ते नाव आठवतं. धानाच्या तुसाच्या राखेत सिलिका ठासून भरलेली असते. पितळी भांडी त्या राखेने लखलखतात, त्यासाठी ती उत्तम. दाताच्या मुळाचा उघडा पडलेला भाग मात्र तिने झिजतो.

पश्चिमेत ही गोष्ट एका विचित्र माणसाच्या नावावर आहे. अमेरिकेत हार्टफर्ड गावी जॉन रिग्ज नावाचा दंतवैद्य होता. ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या दुसऱ्या दंतवैद्याने स्वतः नायट्रस ऑक्साइड हुंगलं आणि रिग्जकडून आपली दाढ काढून घेतली. दुखलं नाही. भूल देण्याच्या इतिहासात तो दिवस मोठा मानतात. दाढ काढणारा हात रिग्जचा होता. पण हा माणूस पुढे आयुष्यभर दात काढण्यापेक्षा वाचवण्याच्या मागे लागला. त्या काळी हिरडीतून पू येऊन दात गळू लागले की तो म्हातारपणाचा नाहीतर रक्ताचा दोष मानत. रिग्ज म्हणे, दोष दातावर बसलेल्या घाणीचा आहे. घाण काढा, मूळ गुळगुळीत करा, हिरडी आपोआप बरी होईल. हिरडी कापायला त्याचा विरोध होता. अमेरिकेत बराच काळ हिरड्यांच्या या आजाराला ‘रिग्जचा आजार’ म्हणत. हयातभर दात वाचवणाऱ्या माणसाचं नाव आजाराला लागलं, हा अन्यायच म्हणायचा.

पण वारं फिरलं. १८८४मध्ये रोबिचेक यांनी सुजलेली हिरडी कापून काढण्याची पद्धत मांडली. १९१८मध्ये स्वीडनच्या विडमन यांनी हिरडी उचलून आतलं सगळं खरवडून पुन्हा शिवण्याची पद्धत सांगितली. खिशातलं हाड सडलेलं आहे आणि ते काढलंच पाहिजे, असा समज होता. १९३५च्या सुमारास क्रोनफेल्ड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं की हाड सडलेलं नाही, ते फक्त सुजेपुढून मागे सरकलंय. तरीही कापण्याची सवय सुटायला पुढची चाळीस वर्षं गेली. शस्त्रक्रिया केल्याचं डॉक्टरला समाधान मिळतं आणि रुग्णालाही काहीतरी मोठं झाल्यासारखं वाटतं. कुठल्याही शाखेत हा मोह जाता जात नाही.

तो सुटण्याची सुरुवात १९६५मध्ये डेन्मार्कच्या ऑरहुस इथे झाली. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांचे १२ लोक निवडले, बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, आणि त्यांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग घासणं सुरू करायला लावलं, आणि साधारण आठवड्यात सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, कापाकापी नाही. इतका साधा प्रयोग आणि इतकं स्वच्छ उत्तर वैद्यकात फार कमी वेळा मिळतं. आपल्याकडे हिरडीतून रक्त आलं की लोक त्या जागी घासणं सोडतात. लो यांनी दाखवून दिलेलं याच्या बरोबर उलटं आहे. रक्त येतंय तिथेच जास्त नीट, हलक्या हाताने घासायचं.

हे झालं वरवरच्या सुजेचं. हाड गेल्यावर काय? स्वीडनच्या माल्मो इथे बाडर्स्टेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ आणि १९८४मध्ये आपले निष्कर्ष छापले. दुसऱ्या अभ्यासात खिसे बारा मिलिमीटरपर्यंत खोल होते. हिरडी न उचलता फक्त खोल साफसफाई केली, रुग्णांना घरची सफाई शिकवली आणि दोन वर्षं मोजत राहिले. खिसे उथळ झाले, रक्त थांबलं. हाताच्या अवजाराने साफ केलं काय आणि मशीनने काय, निकाल सारखाच. एक अट विसरू नका: हे दात समोरचे आणि उपदाढा होते, फाटलेल्या मुळांच्या दाढा नव्हत्या. त्या दाढांकडे मी पुढे येतोच.

लो यांनी आणखी एक काम केलं, आणि ते आपल्याला जास्त जवळचं आहे. १९७०पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर त्यांनी वेळोवेळी तपासले, १९८५पर्यंत. सुरुवातीला ४८० पुरुष. दातांना ब्रश नाही, दवाखाना नाही. पान मात्र पुष्कळांच्या तोंडात. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी आजार सगळ्यांचा सारखा वाढला नाही. आठ टक्के लोकांत तो झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीच्या आत बहुतेक दात घेऊन गेला. ८१ टक्क्यांत हळूहळू वाढला. ११ टक्क्यांत सूज होती, पण हाड गेलं नाही. १९८६मध्ये छापलेल्या त्या निबंधाने गावोगावचा एक वाद मिटायला हवा होता: ‘आमच्या आज्याने उभ्या जन्मात ब्रश नाही लावला, नव्वदीत ऊस खात होता.’ खाल्ला असेल. तो त्या अकरांपैकी होता. आपण कोणत्या गटात आहोत हे तिशीत कुणालाच ठाऊक नसतं, आणि आजोबांवरून तर ते मुळीच ठरत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा खास मुद्दा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२मध्ये बंदी आली. आपल्याकडे खर्रा आधीपासून होता, नंतरही राहिला. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून घोटून, आणि गालात धरून ठेवायचा. जिथे धरतात तिथली हिरडी दातापासून सुटून खाली जाते, मूळ उघडं पडतं. हे निदान दिसतं तरी. बिडीचा त्रास जास्त लबाड आहे. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, ती फिकट आणि टणक दिसते, आणि आत हाड मात्र जास्त वेगाने जात असतं. म्हणजे इशारा देणारी पहिली खूण बिडी पुसून टाकते. आणि यातलं सर्वांत वाईट हे की बिडी सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त यायला लागतं. माणूस म्हणतो, बिडी सोडली आणि हिरड्या बिघडल्या, आणि पुन्हा टपरीवर जातो. खरं तर त्याच्या हिरड्या तेव्हा पहिल्यांदा नीट वागू लागलेल्या असतात. ओढत राहणाऱ्यावर आमच्या साफसफाईचा गुण कमी येतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. म्हणून खर्रा-बिडी सोडवणं हे उपदेशाचं प्रकरण नव्हे, इलाजाचंच पहिलं पाऊल आहे.

दुसरा सोबती म्हणजे शुगर. मधुमेह अनियंत्रित असला की हिरडी जास्त बिघडते, आणि हिरडी सुजलेली राहिली की साखर आवरत नाही. दोघं एकमेकांना पोसतात. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांची बिनशस्त्रक्रियेची साफसफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत त्यांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या साखरेचा आकडा, सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून निघालंय. आकडा लहान वाटेल, पण एखादी गोळी वाढवल्यावर जे मिळतं त्याच्या आसपासचं ते आहे. शुगरवाल्याला डोळे तपासायला सांगतात, पाय तपासायला सांगतात. तोंड उघडून पाहायला सांगणारे अजून कमी आहेत.

प्रत्यक्ष इलाज कसा होतो ते सांगतो, कारण भीती माहिती नसल्याने वाढते. पहिली पायरी: हिरडीच्या वरचं किटण काढणं, आणि घरी दात कसे घासायचे ते हातात ब्रश देऊन शिकवणं. मऊ ब्रश, केस हिरडीच्या काठाकडे तिरपे, दोन वेळा. दातांमधल्या फटीत साधा ब्रश जातच नाही. तिथे बारीक, बाटली धुवायच्या ब्रशसारखे छोटे इंटरडेंटल ब्रश लागतात. आजार नेमका फटीत सुरू होतो, म्हणून हे छोटे ब्रश मोठ्या ब्रशइतकेच महत्त्वाचे आहेत. बाभळीचं किंवा कडुनिंबाचं दातन वापरत असाल तर वापरा, मला त्यात वाईट काही दिसत नाही. नीट चावून केलेली त्याची कुंची दाताची बाहेरची बाजू स्वच्छ करते. फक्त फटी राहतात, त्यांची सोय वेगळी करा.

दुसरी पायरी: हिरडीखाली जाणं. जागा सुन्न करून खिशात वाकडी, बारीक अवजारं किंवा कंप पावणारी मशीनची टोकं घालून मुळावरचा थर आणि किटण काढतात. प्रत्येक दाताच्या प्रत्येक बाजूसाठी अवजाराचा वाक वेगळा. मशीनच्या टोकातून पाणी उडतं, दात ‘घासून पातळ’ होत नाही. पूर्वी हे तोंडाच्या एकेका चतुर्थांशाचं, आठवड्याच्या अंतराने करत. १९९५मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या मंडळींनी पूर्ण तोंड २४ तासांत करून पाहिलं. पुढच्या अभ्यासांत दोन्ही पद्धतींचा निकाल जवळपास सारखा आला. मला यात लाखांदूरच्या माणसाची सोय दिसते. चार वेळा एसटीने ये, चार दिवसांची मजुरी बुडव, असं सांगितलं तर तो दुसऱ्यांदा येत नाही. आधी रोवणी असते, मग कापणी, मग मंडया. सलग दोन दिवसांत सगळं करून मोकळं करता येत असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर डॉक्टरांनी ते करावं आणि रुग्णांनी ते मागावं.

इथे जाहिरातींबद्दल बोललं पाहिजे. ‘चाकू नाही, टाके नाहीत, लेझरने हिरड्या बऱ्या’ अशा पाट्या नागपुरात दिसतात, आता आपल्याकडेही पोचतील. चाकू नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते साध्या साफसफाईलाही तेवढंच लागू आहे. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२०मध्ये सगळे पुरावे चाळून मार्गदर्शक सूत्रं छापली. त्यात खोल साफसफाईला जोड म्हणून लेझर न वापरण्याची शिफारस आहे. पोटात घ्यायची प्रतिजैविकंही सर्रास देऊ नयेत असं त्यात म्हटलंय. हिरडी सुजली की मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या, हा आपल्याकडचा रिवाज म्हणूनच वाया जाणारा खर्च आहे. सूज तात्पुरती उतरते, किटण जागच्या जागी. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या थोड्या दिवसांपुरत्या चालतात. महिनोन्‌महिने केल्या तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. बाकी तेलाच्या गुळण्या, लवंग, हळद यांनी कुणाला बरं वाटत असेल तर वाटू द्या. हिरडीखालचा दगड यातल्या कशानेच निघत नाही.

तिसरी पायरी म्हणजे पुन्हा मोजणं, साधारण तीन महिन्यांनी. इथे आपले बहुतेक रुग्ण गळतात. रक्त थांबलं, वास गेला, मग कशाला यायचं? स्वीडनच्याच कार्लस्टाड गावात अॅक्सेलसन आणि लिंढे यांनी १९७२मध्ये ३७५ लोकांना नियमित सफाई आणि घरच्या सवयी या शिस्तीत घातलं आणि तीस वर्षं पाहिलं. ज्यांनी शेवटपर्यंत साथ दिली त्यांचे तीस वर्षांत सरासरी किती दात गेले? वयोगटाप्रमाणे ०.४ ते १.८. त्यातलेही बरेच दात हिरडीमुळे नव्हे, तर तडकल्यामुळे गेले. त्यांच्याकडे हे काम करायला प्रशिक्षित हायजिनिस्ट होत्या. आपल्याकडे साकोली, तुमसरच्या रुग्णालयांत दंतचिकित्सक आहेत, पण त्यांच्या दारातली रांग दात काढायला आलेल्यांची असते. सफाईला वेळ उरत नाही. मला वाटतं, रांगेतल्या प्रत्येकाचे दोन दात काढण्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस फक्त हिरड्यांसाठी ठेवला तर दहा वर्षांत ती रांगच आखूड होईल. हे माझं मत आहे, धोरण ठरवणाऱ्यांनी तपासून पाहावं.

आता त्या दाढा. खालच्या दाढेला दोन आणि वरच्या दाढेला तीन मुळं असतात. हाड त्या मुळांच्या फाट्यापर्यंत उतरलं की फाट्यात अवजार नीट शिरत नाही, ब्रश तर नाहीच. खिसा जितका खोल, तितकं हिरडी न उचलता राहून जाणारं किटण जास्त, हे १९७८पासून माहीत आहे. म्हणून तीन महिन्यांनी मोजल्यावर चार-पाच मिलिमीटरचे रक्त येणारे खिसे उरले असतील तर पुन्हा साफ करायचे, आणि सहा किंवा जास्त मिलिमीटरचे उरले असतील तर हिरडी उचलून, डोळ्यांनी पाहून साफ करण्याचा विचार करायचा. म्हणजे शस्त्रक्रिया. तिला मी नावं ठेवत नाही. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ती होते, चांगली होते. तिची जागा तिसरी आहे, पहिली नव्हे, आणि घरची सफाई जमत नसलेल्या तोंडात ती करूच नये. तिथे कापलेलंही वाया जातं. काही दात तर इतके गेलेले असतात की ते काढणंच बरं. त्यांना वाचवतो म्हणणारा तुमचे पैसे घेतो आणि शेजारच्या दाताचं हाडही घालवतो.

शेवटी एक मागून घ्यायची गोष्ट. हिरडी तपासायला आम्ही एक बोथट काडी वापरतो. तिच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा आणि अंगावर साडेतीन ते साडेपाचच्या मध्ये काळा पट्टा असतो. दाताभोवती सहा ठिकाणी ती हलकेच घालून खोली मोजतात. २८ दात असतील तर १६८ आकडे. किती ठिकाणी रक्त आलं तेही लिहितात. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. तुमच्या डॉक्टरांना ते करायला सांगा आणि त्या कागदाची प्रत मागून घ्या. ती जपून ठेवा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलीत तरी चालेल. तीन महिन्यांनी तोच कागद घेऊन या आणि शेजारी नवे आकडे लिहून घ्या. पाचाच्या जागी तीन आला आणि रक्त थांबलं, तर त्या दाताला चाकूची गरज उरली नाही. सहाचे सहाच राहिले, तर शस्त्रक्रिया का हवी, कोणत्या दाताला हवी, हे विचारायला तुमच्या हातात आकडा असेल.